डब्याला चिकटलेलं नाव

१

दुसरी चिठ्ठी सापडली तेव्हा पहिल्या चिठ्ठीचे पेढे अजून अर्धेच वाटून झाले होते.

आखातातल्या अल वक्राच्या त्या फ्लॅटमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी भिशी उघडायची. दहा माणसं, प्रत्येकी दीड हजार रियाल. ज्याचं नाव निघेल त्याला सगळी रक्कम. ज्यांना आधी लागून गेली होती त्यांनी पैसे तेवढे पाठवले होते. नाव निघायचं बाकी होतं ती पाचच माणसं त्या दुपारी जमली होती, आणि नीताने डब्यातून काढलेल्या चिठ्ठीवर तिच्याच नवऱ्याचं नाव होतं. शशिकांत.

ईश्वरीने बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. चष्मा काढून पुसत होते, आणि पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होते.

कोकणातलं त्यांचं कुडवेलीचं घर उभं राहणार होतं. खाडीकाठचं चार खोल्यांचं कौलारू घर, मोठे काका वापीला गेल्यापासून बंद. अशा बंद घरांच्या दुरुस्तीसाठी जिल्ह्यात योजना आली होती. निम्मा खर्च अनुदान म्हणून मिळणार होता, पण काम पुरं झाल्यावर, तपासणी झाल्यावर. आधी खर्च करा, मग मागा. बँकेने बंद घरावर कर्ज द्यायला नकार दिला. ठेकेदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात आगाऊ रक्कम आली तर पावसाळ्याआधी छप्पर करून देतो, नाहीतर दुसरं काम घेतो. छप्पर झालं नाही तर मुदत संपणार होती, आणि मंजुरीही.

"काकू, हा डबा आत ठेवू का?" अवधूतने विचारलं. तो अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये राहणारा पुण्याचा इंजिनिअर, या घोळक्यातला सगळ्यात तरुण. त्याने डबा उचलला, आत पाहिलं आणि तसाच थांबला.

डब्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटून राहिली होती. त्याने ती नखाने सोडवली, उलगडली.

"काका," तो म्हणाला, "यावरही तुमचंच नाव आहे."

२

पहिल्यांदा किसन हसला. बीडकडचा, प्लास्टर आणि टाइल्सचं काम करणारा, कुठल्याही गोष्टीला आधी हसून घेणारा. मग त्याच्या लक्षात आलं की कोणीच हसत नाही.

"शशिभाऊ, दोन-दोन लावल्या काय?"

"मी एकच टाकली," शशिकांत म्हणाले.

"मी काही म्हणत नाही काका," अवधूत म्हणाला, "पण दोन कागद आहेत. एकाने टाकायची एक. एवढंच म्हणतोय."

"म्हणत नाही म्हणत सगळं म्हणालास की रे," ममतामावशी म्हणाल्या. त्या नाशिकच्या. अल मन्सूरात डबे पुरवायच्या आणि माणसाच्या तोंडावर बोलायच्या.

आबासाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प होते. माण तालुक्यातले, शाळेची बस चालवणारे, सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी मान खाली घातली होती.

बाकीच्या चिठ्ठ्या पाहायच्या तर त्या पाण्यात होत्या. हा नीताचा नेम. देवापुढे लिहिलेलं नाव कचऱ्यात टाकायचं नाही म्हणून नाव निघाल्याबरोबर ती उरलेल्या चिठ्ठ्या वाडग्यातल्या पाण्यात सोडायची आणि नंतर ते पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घालायची. शाई विरघळून पाणी जांभळट झालं होतं. आता कोणाचंच नाव वाचता येणार नव्हतं.

शशिकांतनी पैशांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "पुढच्या शुक्रवारी पुन्हा चिठ्ठ्या टाका. माझं नाव टाकू नका."

"अहो," नीता म्हणाली.

"नको म्हटलं ना."

सगळे गेल्यावर ते बाल्कनीत जाऊन बसले. फोनवर त्यांनी उपग्रहाचा नकाशा उघडला होता. बोटांनी मोठं करत करत ते कुडवेलीच्या छपरापर्यंत आले. त्या चित्रात छपराच्या एका कोपऱ्याला काळा डाग होता. तिथली कौलं पडली होती. रोज जेवणानंतर ते त्या डागाकडे पाहायचे, जणू एखाद्या रात्री तो आपोआप भरून येईल.

"माजघरात बटण डावीकडे घ्यायचं," असं ते एरवी म्हणायचे, किंवा "खाडीकडची खिडकी मोठी करायची." आज त्यांनी फोन बंद केला.

ईश्वरी स्वयंपाकघरात आली. रसायनशास्त्र शिकलेली ही मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि कुठलंही पाणी टाकून देण्याआधी ते एकदा पाहायची तिला सवय होती. आई वाडगा घेऊन तुळशीकडे निघाली होती.

"आई, थांब. ते ओतू नकोस."

तिने पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं. गाळणीत कागदाचे लगदे राहिले. घड्या घट्ट होत्या, त्यामुळे ते एकमेकांत मिसळले नव्हते. तीन लगदे.

नाव निघालेली एक, चिकटलेली एक, आणि हे तीन. पाच. माणसंही पाचच.

ईश्वरीने लगदे पुन्हा मोजले. बाबांनी जादा चिठ्ठी टाकली असती तर चिठ्ठ्या सहा भरल्या असत्या. कोणीही काही जास्त टाकलेलं नव्हतं. उलट, कोणीतरी काहीतरी टाकायचं टाळलं होतं. पाचांपैकी एकाने स्वतःचं नाव लिहायच्या ऐवजी शशिकांत लिहिलं होतं.

पंधरा हजार रियालवर हक्क सांगायचा सोडून, कोण असं करेल?

३

चिकटलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर ओलीने पसरलं होतं, कोणाचं ते ओळखता येत नव्हतं. पण तिच्यावर एक लाल ठसा होता, अंगठ्याएवढा. कुंकवाचा असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. डब्याच्या काठाला नीता ओली हळद आणि वर कुंकवाची बोटं लावायची. चिठ्ठी टाकताना अंगठा काठाला लागायचाच.

पण कुंकवाचे कण दिसतात. हा ठसा एकसारखा, तपकिरीकडे झुकलेला लाल होता. ईश्वरीने लिंबाचा एक थेंब त्याच्या कडेला सोडला.

लाल होतं तिथे पिवळं झालं.

दुकानातलं कुंकू लिंबाने पिवळं होत नाही. ही हळद होती, आणि ती लाल झाली होती कारण टाकणाऱ्याच्या हातावर साबण, चुना, सोडा असलं काहीतरी होतं. हळदीचा डाग साबणाने धुवायला जावं तर लाल होतो, हे शाळेत न जाताही प्रत्येकाला ठाऊक असतं. शिवाय हात ओला होता. म्हणूनच कागद डब्याला चिकटला.

सिमेंटही हळदीला लाल करतं. तिला लगेच किसन आठवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती मेट्रोने अल मन्सूराला गेली. किसन संध्याकाळी ममतामावशींकडेच जेवायचा. मावशींच्या स्वयंपाकघरात उडदाच्या पिठाचा गोळा कुटला जात होता आणि किसन कुटत होता.

"बघा ताई, जेवायला आलो तर मावशी कामाला लावतीय. इथं पण मुकादमच."

"तेल लावून कूट," मावशी म्हणाल्या. "ईश्वरी, बस. चौकशीला आली असशील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या बापाला मी बारा वर्षं ओळखते. त्याला दुकानदाराने सुटे जास्त दिले तर परत अर्धा रस्ता चालून जातो. मला काय चौकशी करायचीय? तूच करशील म्हटलं."

ईश्वरीने किसनला विचारलं, शुक्रवारी त्याने चिठ्ठी कधी टाकली.

"सगळ्यांच्या आधी. मला वाटलं गाडी लवकर येईल न्यायला. तुमच्या आईनं हळदसुद्धा कालवली नव्हती अजून. कोरड्या डब्यात टाकली, बसलो."

"आणि नाव कोणाचं लिहिलंस?"

"माझं. दुसऱ्या कोणाचं लिहू?" तो हसायचा थांबला. "ताई, माझ्या बहिणीचं जमलंय. मला भिशी लागली असती तर मी पेढे नाही, जेवण घातलं असतं. शशिभाऊंवर माझा राग नाही. पण मी माझंच नाव लिहिलं."

"मावशी, तुम्ही?"

"माझे हात असेच होते." त्यांनी पिठाचे हात दाखवले. "पापडखार कालवूनच आले होते. देवाच्या डब्याला असे हात कसे लावू? डब्यांच्या ऑर्डरी लिहिते ना, त्या पॅडचा कागद फाडला, नाव लिहिलं, घडी घातली आणि तुझ्या आईच्या हातात दिली. तिनं टाकली."

ईश्वरीचं डोकं एका जागी येऊन थांबलं. किसनने हळद लागायच्या आधी टाकली. मावशींनी डब्याला हात लावला नाही. मावशींची चिठ्ठी टाकली आईने. चिठ्ठ्या पाण्यात सोडल्या आईने. नावही आईनेच काढलं. आणि सगळा वेळ ती स्वयंपाकघरातून आत-बाहेर करत होती. ओले, साबणाचे हात पुशीत.

परतीच्या मेट्रोत तिला वाटलं, आपण ती गाळणी उचलायलाच नको होती.

४

"विचार," नीता म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आल्यापासून माझ्या हातांकडे बघतेयस."

"आई, तू मावशींची चिठ्ठी बदललीस?"

नीताने हातातला शर्ट पूर्ण घडी करून ठेवला. तिला राग आला होता, पण आवाज चढला नाही.

"यांचं नाव निघावं म्हणून देवाला सांगितलं, हो. महिनाभर सांगतेय. हा माणूस इथे राहतो आणि तिथे जगतो, हे मी रोज बघते. पण ममताच्या नावावर डल्ला मारून? तिची चिठ्ठी गुलाबी होती, तिच्या पॅडची. जा, बघ तुझ्या लगद्यात."

ईश्वरीने फ्रीजमधून बशी काढली. तीन लगद्यांपैकी एक खरंच गुलाबी होता. म्हणजे मावशींचं नाव डब्यात होतं. तिने उरलेले दोन चिमट्याने पालटले. एक पांढरा आणि मऊ. दुसरा मात्र नीट भिजलेलाच नव्हता. कागद जाड, गुळगुळीत. उलगडून पाहिला तर एका बाजूला अवधूतच्या कंपनीचं चिन्ह फिकट उरलं होतं. खिशात कधीच कागद नसल्यामुळे तो दर वेळी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे नाव लिहायचा.

मावशींची आहे. अवधूतची आहे. उरलेला पांढरा लगदा किसनचा नाहीतर आबासाहेबांचा. चिकटलेल्या चिठ्ठीवर हळद होती आणि किसनने टाकली तेव्हा हळदच नव्हती. तेव्हा लगदा किसनचा, आणि चिकटलेली चिठ्ठी...

"पण साबणाचे हात?" ती मोठ्याने म्हणाली. "कप तर तू घासत होतीस."

"मी कुठे? मी पेढ्यांच्या मागे होते. कप आबांनी घासले, नेहमीसारखे. ऐकतात का ते? म्हणतात, बायकोच्या हातचा चहा मिळत नाही तर वहिनींच्या हातचा पितो, निदान कप तरी घासू दे."

ईश्वरीने चिमटा बशीत ठेवला.

"आई, मागच्या भिशीत शेवटचा नंबर कोणाचा लागला होता?"

"आबांचाच. त्यांचं नशीबच तसलं. त्याच्या आधीच्या भिशीतही शेवटीच लागला. आणि त्याच्या आधीच्या..." नीता बोलता बोलता थांबली.

दहा माणसांच्या भिशीत एकाच माणसाचा तीनदा ओळीने शेवटचा नंबर. हजारात एकदा घडेल. घडू शकतं, पण ईश्वरीचा त्यावर विश्वास बसला नाही.

५

अल दुहैलच्या शाळेबाहेर बसेस ओळीने उभ्या होत्या. शाळा सुटायला वेळ होता. आबासाहेबांनी तिला बसमध्ये घेतलं, पुढच्या सीटवरचं धूळ पुसायचं फडकं उचललं आणि एसी तिच्याकडे वळवला.

"पोरी, तू यायची ते मला वाटलंच हुतं."

"आबा, तुम्ही तुमचं नाव कधीच टाकत नाही. होय ना?"

त्यांनी स्टीयरिंगवर हात ठेवले. बस बंद होती, तरी ते समोर रस्ता असल्यासारखं पाहत होते.

"घरी सांगून ठिवलंय, भिशी लागली की येतो. कायमचा. फुलाबाई फोनवर इचारती, लागली का? मी म्हणतो, न्हाई अजून. मग शेवटाला लागती, तवर नवी सुरू झाल्याली असती. मग पुन्यांदा न्हाई अजून."

"पण तुम्हाला जायचं नाही?"

"जायचं न्हाई असं न्हाई गं." त्यांनी फडकं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. "मागं गेलो हुतो सुट्टीला. पोरांनी वर माडी चढवलीय, झ्याक. गाडीतनं उतरलो तर पोरगा म्हनला, आबा, परत कवा जायचं? सून तेच. शेजारी तेच. वाईट मनानं न्हाई; बिचारी सवयीनं म्हनत्यात. पाव्हन्याला इचारतोच की आपन. हॉलमधे गादी घातली माझी. फुलाबाईच्या खोलीत नातवंडं झोपत्यात. मी निजलो आन् छताकडं बघत म्हनलं, ह्ये छत आपल्या पैशाचं, आन् आपल्याला म्हाईत न्हाई पंख्याचं बटन कुठलं."

बाहेर एका बसचा दरवाजा फुसकन उघडला आणि बंद झाला.

"मग म्हनलं, ज्याला खरंच जायचंय त्याचं नाव टाकावं. शशिभाऊ बोलायला लागला म्हंजे मला ते घर दिसतं. म्या कधी समुद्र पाह्यला न्हाई तिकडचा, पन त्याच्या घराची खिडकी मला म्हाईत हाय."

"सरळ त्यांना तुमचा नंबर का नाही दिलात?"

"घेतला असता त्यानं? आन् फुलाबाईला काय सांगू, लागली हुती पन सोडली?"

ईश्वरीने एसीची झडप दुसरीकडे वळवली.

"सांगनार हायस का सगळ्यांस्नी?"

"बाबांवर आळ आहे, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "त्ये बी हायेच."

शाळेची घंटा झाली. ती उतरली, तेव्हा मुलं दप्तरं घेऊन बसकडे धावत येत होती आणि आबासाहेब प्रत्येकाला इंग्रजीत गुड आफ्टरनून म्हणत होते.

६

शुक्रवारी सगळे पुन्हा आले. शशिकांत खोलीत होते, पण खुर्ची मागे ओढून, आपण यातले नाही अशा बेताने बसलेले.

ईश्वरीने बशी टेबलावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. लगदे किती, एकूण चिठ्ठ्या किती. लिंबाचा थेंब त्यांच्यासमोर पुन्हा टाकून दाखवला. किसनने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अय्यो, जादूच की."

"म्हणजे बाबांनी एकच चिठ्ठी टाकली. दुसरी टाकली ती दुसऱ्या कोणीतरी, स्वतःचं नाव सोडून. आणि महत्त्वाचं हे, की ती ओल्या हाताची चिठ्ठी पडल्या पडल्या डब्याला चिकटली. आई तळातून चिठ्ठी काढते. चिकटलेली चिठ्ठी सोडतीत आलीच नाही. जी निघाली ती बाबांची स्वतःची होती. निकाल खरा आहे."

अवधूतने पुन्हा एकदा लगदे पाहिले. तो प्रामाणिक होता. त्याला हिशेब पटला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "काका, माझं चुकलं. पण कोणी टाकली, ईश्वरी?"

"ते मी सांगणार नाही."

"अगं, म्हणजे..."

"निकालाला त्याने फरक पडत नाही."

"पडतो," शशिकांत मागून म्हणाले. "माझ्यासाठी कोणी आपला नंबर सोडला असेल, तर मला कळायला हवं. नाहीतर मी पैसे घेणार नाही. खलास."

ईश्वरीने आबासाहेबांकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. तिने टेबलाकडे पाहिलं. इतका वेळ ती एक एक पायरी चढत आली होती आणि शेवटच्या पायरीवर तिला पुढे जायचं नव्हतं. ठेकेदाराचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.

"म्या टाकली," आबासाहेब म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, बसमध्ये सांगितलं होतं तसंच, फक्त थोडक्यात. पंख्याच्या बटणापाशी आल्यावर ते थांबले. किसनने विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. ममतामावशी उठून पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

शशिकांतनी खुर्ची पुढे ओढली.

"आबासाहेब, तुमची सुट्टी किती साठलीय?"

"लई. चार म्हैन्यांची असंल. मागल्या खेपेपासनं घेतलीच न्हाई की."

"हे पैसे मी घेतो. रीतसर लागलेत, पोरीने सिद्ध केलंय. पण पैशांनी छप्पर होत नाही. तिथे ठेकेदाराच्या डोक्यावर माणूस हवा. तपासणीला साहेब येतील तेव्हा दार उघडायला माणूस हवा. काम पुरं दिसलं नाही तर अनुदान नाही, आणि मला डिसेंबरपर्यंत कंपनी सोडत नाही." त्यांनी आबासाहेबांकडे वळून पाहिलं. "तुम्ही जाता?"

"म्या? तुमच्या घरी?"

"माझ्या नाही. बंद घर आहे ते. जो राहील त्याचं. वहिनींना बोलवा तिथे. दोन खोल्यांची कौलं धड आहेत. माडीची चिंता नाही, माडीच नाही."

आबासाहेबांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं. मग खिशातून फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत स्पीकर लावून नंबर फिरवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग फुलाबाईंचा आवाज आला.

"लागली का हो?"

"न्हाई. शशिभाऊला लागली. पन म्या येतोय. घरी न्हाई, कोकणात. भाऊचं घर हाय, ते दुरुस्त व्हस्तवर ऱ्हायचं. तू येतीस का तिकडं?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज झाला.

"आपन दोघंच?" फुलाबाईंनी विचारलं.

"दोघंच."

"मग येते. कसं यायचं तिकडं?"

आबासाहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी फोन शशिकांतपुढे धरला.

"रत्नागिरीच्या स्टँडवर उतरा वहिनी," शशिकांत म्हणाले. "कुडवेलीची गाडी मागच्या फलाटावर लागते, समोर शोधू नका. खिडकी उजवीकडची धरा, घाट संपला की खाडी उजव्या हाताला येते. तरीवर, होड्यांच्या धक्क्याला, उतरायचं. तिथून चढण आहे, पण चढण संपली की वारा लागतो, तिथे जरा थांबा, सगळेच थांबतात. मग चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, लागेल. गडगा मोडलाय एका ठिकाणी, तिथून आत नाही जायचं, पुढे फाटक आहे. फाटक वर उचलून ढकलायचं, नुसतं ढकललं तर अडतं..."

"भाऊ, सावकाश," फुलाबाई म्हणाल्या. "म्या लिहून घेती. पुन्हा सांगा, स्टँडपासनं."

शशिकांत पुन्हा स्टँडपासून सांगायला लागले.